ड्रॉइंग आणि शिल्पात खेळ कसा आणायचा? हात फार शहाणा झालाय

रेघोटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बारा-तेरा वर्षं ड्रॉइंग करते आणि चारेक वर्षांपासून मातीकामही. पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतं, हात-पाय जमतात, प्रपोर्शन सहसा चुकत नाही. आणि आता तेच खटकायला लागलंय. कागद समोर घेतला की पहिली रेघ कुठे पडणार, दुसरी कुठे, शेवटी चित्र कसं दिसणार सगळं आधीच दिसत असतं आणि पुढचे दोन तास मी फक्त ते उतरवून काढते. मातीचंही तसंच, आर्मेचर (मूर्तीच्या आतला तारेचा सांगाडा) बांधतानाच मूर्ती संपलेली असते. हात फार शहाणा झालाय, दुसरा शब्द सुचत नाही.

हे डोक्यात असतानाच परवा पिकासोच्या त्या माकडिणीच्या शिल्पाचा फोटो समोर आला, १९५१ ची, पोटाशी पिल्लू धरलेली. आधी कितीदा तरी पाहिलाय तो. पण या वेळी झूम करून चेहरा बघितला तर तो चेहरा म्हणजे खेळण्यातल्या दोन मोटारी आहेत, एक सरळ आणि तिच्याखाली दुसरी उलटी, पोटाला पोट लावून. वरच्या गाडीची काच म्हणजे डोळे, बॉनेट म्हणजे पुढे आलेलं नाकाड, आणि दोन गाड्यांच्या मधली फट म्हणजे तोंड. गाड्या त्याच्या लहान मुलाच्या होत्या. शेपटी म्हणजे मोटारीची स्प्रिंग. आणि मग ते सगळं ब्राँझमध्ये ओतलंय. मी अर्धा तास तो चेहराच बघत बसले. सत्तरीतल्या माणसाच्या हातात गाडी आली आणि त्याला तिच्यात माकड दिसलं, माझ्या हातात काहीही आलं तरी मला त्यात 'हे शेड कसं करायचं' एवढंच दिसतं.

तर विचारायचं असं आहे की असला खेळ ठरवून खेळता येतो का? की ज्याच्या अंगात आहे त्याच्यातच असतो? मी ठरवून 'आज काहीतरी वेडंवाकडं करू' म्हणून बसले दोन-तीनदा, पण ते सगळं नुसतं गिरगटणं झालं, त्यात मजाही आली नाही आणि नंतर बघावंसंही वाटलं नाही. म्हणजे खेळ आणि नुसता टाइमपास यात काहीतरी फरक आहे आणि तो मला पकडता येत नाहीये. मी जिथे शिकले तिथे चुकलेला कागद लगेच फाडायचा अशी शिस्त होती, त्याचाही परिणाम असेल, अजूनही चूक झाली की हात आपोआप कागदाच्या कोपऱ्याकडे जातो.

ज्यांनी स्वतः असं काही करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. 'मोकळं व्हा', 'मनापासून करा' हे नको, काय हातात घेतलं आणि काय केलं ते सांगा.

पक्कड

रेघोटी, धागा आवडला, आणि विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा मोठा प्रतिसाद देतोय.

मला विचाराल तर पेन्सिल सोडा आणि तार घ्या. पेन्सिल तुमचं सगळं ऐकते, तार ऐकत नाही, एवढाच फरक आहे पण तो फार मोठा आहे. शहाण्या हाताला ऐकणारं हत्यार दिलं की तो परत तेच करणार.

अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार या बाबतीतलं माझं दैवत. शिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, १९१९ ला पदवी घेतली, मग चित्रकलेकडे वळला आणि १९२६ पासून पॅरिसमध्ये तारेची, कापडाची, बुचांची छोटी छोटी सर्कस बनवायला लागला. घोडे, डोंबारी, सिंह, सिंहाला खेळवणारा, सगळे हाताने चालवायचे. वाढत वाढत त्या सर्कशीच्या पाच सुटकेस झाल्या, आणि तो जमिनीवर बसून मित्रांना दोन दोन तास खेळ करून दाखवायचा, बघायला पॅरिसमधले मोठमोठे चित्रकार यायचे. त्याच काळात त्याने तारेने माणसांचे चेहरे केले. नुसती बाह्यरेषा, आत सगळी हवा. गंमत अशी की ते ड्रॉइंगही आहे आणि शिल्पही, कारण तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात की नाक भलतीकडेच जातं आणि तिसराच माणूस दिसायला लागतो.

पुढे १९३० मध्ये तो मोंद्रियान या अमूर्त चित्रकाराच्या स्टुडिओत गेला, तिथे भिंतीवर रंगीत पुठ्ठ्याचे चौकोन लावलेले होते, हा म्हणाला हे सगळे हलायला लागले तर काय बहार येईल. मोंद्रियान म्हणाला काही गरज नाही, माझी चित्रं आधीच खूप वेगात आहेत. (मला हा किस्सा फार आवडतो, दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर आहेत.) काल्डर घरी आला आणि हलणारं काम करायला लागला, आणि त्या कामांना १९३१ मध्ये मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने 'मोबाइल' हे नाव दिलं. आज बाळाच्या पाळण्यावर टांगतात ते खेळणं त्याच वंशातलं.

आता प्रत्यक्ष. दीड ते दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घ्या, सुरुवातीला तीच बरी, बोटांनी वाकते. सोबत लांब तोंडाची पक्कड. मुठीएवढ्या चेहऱ्याला दीड-दोन मीटर तार सहज लागते, तेव्हा कंजुषी नको. एकच नियम: तार कापायची नाही आणि जोडायची नाही. कानापासून सुरू करा, केसांवरून कपाळावर या, नाक, ओठ, हनुवटी, आणि मग डोळा करायचा तर तार तिथपर्यंत न्यावी तर लागणारच ना? तो जो रस्ता आहे हनुवटीपासून डोळ्यापर्यंतचा, तिथे तुमचा खेळ सुरू होतो. कागदावर तुम्ही पेन्सिल उचलून डोळ्यापाशी ठेवता, इथे ते नाही. मग तुम्हाला गालाची घडी शोधावी लागते किंवा सुरकुती, किंवा चष्म्याची काडीच द्यावी लागते.

आणि तारेचं एक लक्षात ठेवा, तीच जागा तीन-चार वेळा वाकवून सरळ केली की तिथे तार कडक होते आणि मग पटकन तुटते. म्हणजे खोडरबर नाही. चुकलं तर चुकलेल्या वळणातूनच पुढे जायचं. तुमच्या त्या कागद फाडायच्या सवयीवर याच्यासारखं औषध नाही. (तांब्याची तार असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून परत मऊ करता येते, पण ते नंतर.)

झालं की अंधार करून टॉर्च धरा आणि सावली बघा. त्या सावलीवरून परत कागदावर ड्रॉइंग करा. ते ड्रॉइंग तुमचं वाटणारच नाही तुम्हाला.

सरळरेषा

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

खेळ, प्रयोग, मुक्तपणा हे शब्द फार स्वस्त झालेत असं माझं प्रामाणिक मत आहे. मी शिकवतो, आणि दर वर्षी पाहतो की ज्याला साधा हात काढता येत नाही तो म्हणतो मी ॲब्स्ट्रॅक्ट करतो. धागाकर्तीचा प्रश्न वेगळा आहे हे मान्य, त्यांचा पाया पक्का आहे. पण वाचणारे सगळे तसे नसतात. पिकासोने दोन मोटारी जोडल्या हे सगळे सांगतात, पण त्याने पोरवयात वडिलांकडून किती काटेकोर ड्रॉइंग घोटून घेतलं ते कोणी सांगत नाही. काल्डरचंही तेच, पक्कड यांनी स्वतःच लिहिलंय की तो इंजिनिअर होता, तोल कुठे जाणार हे त्याला कळत होतं म्हणून त्याची मोबाइलं हवेत तरंगतात, नाहीतर दहा काड्यांचा गुंता झाला असता.

शिवाय मला मनापासून वाटतं की 'हात शहाणा झालाय' ही तक्रार नसून कमाई आहे. कदाचित उत्तर खेळात नसेल, अजून अवघड विषयात असेल. कापडाच्या चुण्या, म्हातारे हात, धावणारं जनावर. तिथे हात परत अडाणी होतो.

रेघोटी

पक्कड, तार आजच आणते.

सरळरेषा, तुमचं पटतंय आणि नाहीही. अवघड विषय घेऊन पाहिलेत, म्हाताऱ्या हातांची अख्खी एक वही भरलीय. हात थोडे दिवस अडाणी होतो आणि मग तेही शिकून घेतो. अडचण अशी की मी नवीन काही *बघतच* नाहीये, फक्त जास्त अवघड गोष्टी जास्त नीट उतरवतेय.

निळी शाई

सरळरेषा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याला उत्तर म्हणून एक उदाहरण देते, कारण ते दोन्ही बाजूंना लागू पडतं.

पिकासोचे बैलाचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रं. डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६, एकच बैल, अकरा अवस्था. पहिला बैल साधा, ओळखीचा, पाठ्यपुस्तकात शोभेल असा. मग तो त्याला भारदस्त करतो, केस, कातडी, वजन. आणि मग कापायला घेतो, अंगावर रेषा आखून भाग पाडतो, हळूहळू एकेक भाग काढून टाकतो, डोकं लहान लहान होत जातं, आणि अकराव्यात उरते फक्त एक बाह्यरेषा, चार-दोन वळणं, शिंगं म्हणजे चिमुकला काटा. पण बैल तसाच भारी. हे सगळे ठसे शेजारी शेजारी ठेवून बघा. सरळरेषा म्हणतात तसा पाया त्यात आहेच, पहिला बैल काढता आला नसता तर अकरावा आलाच नसता. पण रेघोटी म्हणतायत तेही आहे, कारण तिसऱ्या-चौथ्याला उत्तम बैल तयार होता, तिथे थांबणाऱ्याला अकरावा भेटलाच नसता. रेघोटी, तुम्ही बहुतेक रोज चौथ्या बैलापाशी थांबताय.

आता तुमचा खरा प्रश्न, खेळ आणि टाइमपास यातला फरक. माझ्या मते फरक नियमाचा आहे. 'आज काहीही करू' म्हटलं की हात सवयीचं करतो, कारण 'काहीही' मध्ये त्याला सर्वात सोपं तेच असतं. लंगडी मजेदार का असते, एक पाय उचललेला असतो म्हणून. चित्रातही एक पाय उचलावा लागतो, म्हणजे काहीतरी स्वतःकडून काढून घ्यावं लागतं.

ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडे बघितलं तर प्रत्येकाने वेगळी गोष्ट काढून घेतलेली दिसते. अलेक्झांडर कोझेन्स नावाचा इंग्रज चित्रकार होता, त्याने १७८५ च्या सुमारास एक पद्धतच छापली, ब्रशने शाईचे डाग मोघम टाकायचे आणि मग त्या डागांतून डोंगर-झाडं शोधून निसर्गचित्र करायचं. त्याच्या किती आधी लिओनार्दोने लिहून ठेवलंय की डागाळलेल्या भिंतीकडे बघत बसा, तुम्हाला लढाया आणि डोंगर दिसतील. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने ऑगस्ट १९२५ मध्ये समुद्राकाठच्या एका खोलीत जमिनीच्या झिजलेल्या फळ्यांवर कागद ठेवून शिसं घासलं, त्या रेषांतून जंगलं आणि प्राणी बाहेर आले, त्याला फ्रोताज म्हणतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण सगळ्यांनीच केलंय ते, त्याने फक्त तिथे न थांबता 'हे काय आहे' असं विचारलं. द्यूशाँने १९१३-१४ मध्ये एक मीटर लांबीचे तीन दोरे एक मीटर उंचीवरून सोडले, पडले तसे चिकटवले आणि त्या वाकड्या रेषांच्या लाकडी पट्ट्या करून घेतल्या. म्हणजे रेघेवरचा ताबाच दोऱ्याला देऊन टाकला.

आणि रवींद्रनाथ. त्यांचं मला सगळ्यात जवळचं वाटतं. ते चित्रं काढायचं म्हणून बसलेच नव्हते. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द विस्कळीत दिसतात म्हणून ती खोडाखोड एकमेकींना जोडायला लागले, जोडता जोडता त्यातून चोची, शेपट्या, विचित्र जनावरं निघाली. १९२४ च्या 'पूरबी' च्या वहीत हे स्पष्ट दिसतं. आणि १९३० मध्ये, सत्तरीला टेकताना, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं. रेघोटी, तुम्ही चुकलेला कागद फाडता ना? त्यांनी चुकीवरच घर बांधलं.

मी स्वतः करते ते सांगते. एक जुनी वही आहे तिच्यात फक्त चुकलेली ड्रॉइंग चिकटवते, अर्धी फाडून, उलटी करून. आठवड्याने उघडते, तोवर ते काय होतं ते विसरलेलं असतं. मग पेनाने त्याला पुढे नेते. परवा एका फसलेल्या खांद्याचा बगळा झाला. फार सुंदर झाला असं नाही, पण मी तो बगळा ठरवून कधीच काढला नसता, त्याची मान जिथून वळते तिथून मी वळवलीच नसती.

ओली माती

वा निळी शाई, सुरेख. वाचनखूण साठवली.

शिल्पाबद्दल थोडं लिहितो, कारण सगळे ड्रॉइंगचंच बोलतायत आणि मातीत खेळणं जरा वेगळं असतं. ड्रॉइंग पाच मिनिटांत टाकून देता येतं, पण मातीचं, प्लास्टरचं काम म्हणजे वजन, वेळ, पसारा, त्यामुळे माणूस आधीच ठरवून बसतो. मी पण बसायचो.

मला यातून बाहेर काढलं ते रोदँने. रोदँ म्हटलं की आपल्याला तो हनुवटीला हात लावून बसलेला विचारी माणूस आठवतो, पण त्याच्या स्टुडिओत ड्रॉवरच्या ड्रॉवर भरून प्लास्टरचे सुटे हात, पाय, डोकी, धडं होती. छोटे छोटे तुकडे, साच्यातून पुन्हा पुन्हा काढलेले. तो ते उचलून एकमेकांना लावून बघायचा, एका मूर्तीचा हात दुसरीला, एकच बाई एकदा उभी एकदा आडवी, आणि प्राचीन मातीच्या भांड्यांतून बाहेर येणाऱ्या छोट्या बायका पण केल्यात त्याने. म्हणजे इतका मोठा शिल्पकार अक्षरशः ठोकळे जोडत बसल्यासारखा बसायचा. आणि सरळरेषा सर, त्याचं ड्रॉइंगही बघा, उतारवयात तो मॉडेलला एका जागी बसवायचाच नाही, ती चालायची फिरायची आणि हा कागदाकडे न बघता काढायचा. एवढा शहाणा हात, पण डोळे काढून घेतले त्याच्याकडून.

तर करायचं असं. तुमच्याकडे जुन्या कामांचे साचे असतील किंवा पडलेल्या मूर्ती असतील तर त्यांचे तुकडे गोळा करा. नसतील तर एक हात, एक पाऊल, एक अर्धा चेहरा असे तळहातात मावतील असे तीन-चार साचे करा आणि प्रत्येकातून प्लास्टरचे सात-आठ नग काढा. एकदम बरेच निघाले की त्यांची भीड राहत नाही, हे फार महत्त्वाचं. मग टेबलावर पसरा आणि जोडा. सुरुवातीला मातीच्या गोळीने नुसतं टेकवून बघायचं, आवडलं तरच पक्कं करायचं. पक्कं करताना दोन्ही बाजू खरवडा आणि *आधी भिजवा*, चांगल्या भिजवा, कारण सुकलेलं प्लास्टर नव्या प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतं आणि जोड भुसभुशीत होऊन सुटतो. माझे पहिले पाच-सहा जोड असेच सुटले, रात्रीतून हात गळून पडायचे.

मी एकदा सात पावलं जोडत गेलो एकावर एक, टाच बोटांवर, टाच बोटांवर. तो एक जिना झाला. अजून आहे माझ्याकडे, दाराजवळ ठेवलाय.

काटकी

दोनच गोष्टी जोडते.

अवनींद्रनाथ ठाकूर म्हणजे भारतमातेच्या चित्रामुळे सगळ्यांना माहीत असलेले, बंगाल शैलीचे गुरू. आयुष्याच्या शेवटच्या काळात ते वाळक्या फांद्या, मुळं, लाकडाचे तुकडे गोळा करायचे आणि थोडंसं इकडे तिकडे करून त्यांचे पक्षी, प्राणी, माणसं करायचे. त्यांना नाव दिलं 'कुटुम काटाम'. कुटुम म्हणजे नातेवाईक, सोयरे. मला त्यातला हात किती कमी लावलाय ते बघायला आवडतं. फांदी आधीच निम्मी हरीण असते, त्यांनी फक्त ओळख पटवून दिलीय.

आणि चित्रकार पॉल क्ले. त्याने आपल्या मुलासाठी, फेलिक्ससाठी, १९१६ ते १९२५ मध्ये जवळजवळ पन्नास हातबाहुल्या केल्या. डोकी प्लास्टरची, काहींत काडेपेट्या, हाडं, एकीत तर विजेचं सॉकेट. त्या विकायच्या नव्हत्या, प्रदर्शनात ठेवायच्या नव्हत्या, एका पोराने खेळायच्या होत्या. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत, १९२१ पासून, तो बाऊहाउस या जर्मन कलाशाळेत रेषेवर अत्यंत गंभीर धडेही देत होता. मला वाटतं रेघोटी, तुम्ही एखादं काम असं करा जे एका ठरावीक माणसाच्या हातात जाणार आहे आणि त्याने ते वापरून झिजवायचं आहे. मी माझ्या आजीसाठी तारेचा एक पक्षी केला होता, तिला नीट दिसत नाही, म्हणून तो फक्त बोटांना कळेल असा. डोळ्यांसाठी केलेली प्रत्येक गोष्ट त्यात निरुपयोगी ठरली. चोच टोकदार, पोट गार आणि गुळगुळीत, पंखांच्या जागी तारेचे फेर जवळ जवळ. तिने हातात घेतला, फिरवला आणि म्हणाली, हा भिजलाय का? मी असा विचारच केला नव्हता, पण खरंच ते पंख भिजून चिकटल्यासारखे लागत होते.

रेघोटी

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तार. पहिले चार दिवस वाईट गेले. मी तारेवरही शहाणपणच करत होते, आधी कागदावर चेहरा काढून त्यावर तार ठेवून वाकवत होते, त्यामुळे जे झालं ते चपटं, जाळीच्या दारासारखं. मग पक्कड यांनी लिहिलेलं परत वाचलं आणि कागद बाजूला ठेवून थेट माणूस समोर बसवला. बहीण बसली. कानापासून सुरू केलं. हनुवटीपर्यंत ठीक, आणि डोळ्याकडे जायला रस्ताच नाही. दहा मिनिटं तार हातात धरून नुसती बघत बसले तिच्याकडे आणि तेव्हा मला तिच्या ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर जाणारी एक घडी दिसली, हसली की पडते आणि नंतर अर्धवट राहते. तिला लहानपणापासून बघतेय, पन्नासेक वेळा काढलंय तिला. ती घडी कधीच काढली नव्हती. पेन्सिल उचलून डोळ्यापाशी ठेवत होते ना, मधे काय आहे ते बघायची वेळच आली नव्हती.

तार त्या घडीवरून नेली, डोळा केला, भुवई करून परत कानामागे आणून अडकवली. समोरून ती बहीण आहे. डावीकडून बघितलं तर नाकाची आणि ओठाची तार एकमेकींवर येते आणि कुणीतरी चिडलेली म्हातारी दिसते. बहिणीला तीच जास्त आवडली.

सावलीचंही केलं. टॉर्च जवळ नेला की नाक वाढतं, लांब नेला की रेघा एकदम नाजूक होतात. आठ ड्रॉइंग केली सावलीवरून, एकही फाडलं नाही.

निळी शाई, चौथ्या बैलाचं वाक्य मी टेबलासमोर लिहून लावलंय. चुकलेल्या कागदांची वहीही सुरू केलीय, अजून उघडली नाही, आठवडा व्हायचाय. काटकी, तुमच्या आजीचा पक्षी डोक्यातून जात नाहीये, त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहा ना. सरळरेषा सर, तुमचंही एक खरं निघालं, म्हाताऱ्या हातांची ती वही वाया गेली नाही, आता तारेत हात करायला घेतला तर सांधे कुठे येतात ते बोटांना आपोआप कळत होतं.

आता अडचण. उत्साहात एक घोडा केलाय, एकाच तारेचा, साधारण वीतभर. दिसतो छान, मान खाली घातलेली, पण उभा राहत नाही. चारही पाय टेकवले की एक उचलतो, तो दाबला की दुसरा, सगळे पाय सरळ करून करून आता एका गुडघ्यापाशी तार कडक झालीय, तुटेल अशी भीती वाटते. काय करू?

पक्कड

अहो काय मस्त! ती गालाची घडी वाचून फार बरं वाटलं, माझ्या बाबतीत ती पापणी होती, वडिलांची.

घोड्याचं ऐका, त्या गुडघ्याला आता अजिबात हात लावू नका. चार पाय एका पातळीत आणायचा नादच सोडा, तीन टोकं कुठल्याही जमिनीवर टेकतातच, चौथ्याचीच सगळी भांडणं असतात. जो पाय जास्त त्रास देतोय तो उचला, खूर मागे दुमडलेला ठेवा. आणि मान खाली आहे म्हणताय तर वजन पुढे जातंय, उचललेला पाय मागचा हवा. पुढचा उचललात तर तोंडावर पडेल. तरीही कलला तर शेपटीची तार लांब करून मागे खाली आणा, पण जमिनीला टेकवू नका, टेकवली की तो घोडा खुर्चीसारखा दिसतो.

सरळरेषा

घोडे उभ्याउभ्या विसावा घेतात तेव्हा नेमका एक मागचा पाय सैल सोडतात, खूर नुसता टोकावर टेकलेला असतो आणि त्या बाजूचं कंबरेचं हाड खाली झुकतं. ते झुकणं देता आलं तर बघा, नुसता पाय दुमडून चालणार नाही. आणि जमल्यास फोटो टाका, मला विद्यार्थ्यांना दाखवायचाय.

रेघोटी

केलं! मागचा डावा. कंबर झुकवताना पाठीची तार थोडी वर उचलली गेली आणि मानही आपोआप अजून खाली गेली. उभा आहे. टेबलाला धक्का दिला तरी उभा आहे, फक्त मान हलते जराशी, खालीवर, चरत असल्यासारखी.